दातांबरोबर गेलेली शिट्टी

१४ ऑगस्ट १९४८, शनिवार

सगळे काढले. वरचे, खालचे — एकही ठेवला नाही.

इद्वाल बसमधून उतरले ते तोंडाला माझा पांढरा रुमाल धरून. आता तो पांढरा राहिलेला नाही. मिठाच्या पाण्यात घातलाय. घरात आले, चुलीपाशी बसले, टोपीसुद्धा काढली नाही. नेल दाराबाहेर बसून त्यांच्याकडे बघत होती. कामाचं कुत्रं उंबरा ओलांडत नाही, हा त्यांचा नियम.

दुखत होते दोनच. मागचे, डावीकडचे. पण गेल्या महिन्यापासून सरकारनं दात फुकट केलेत — काढणंही फुकट, नवे बसवणंही फुकट. मीच मागे लागले, बायको ना. आज दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन, दर खेपेला बसभाडं, दर खेपेला कामाचा एक दिवस बुडणार. आणि सरकारचा काय भरवसा, उद्या पैसे लावतील. माझ्या आईचे सगळे दात तिच्या वडिलांनी लग्नाआधीच काढून नवे बसवून दिले होते — नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून. आमच्याकडे त्याला शहाणपण म्हणतात.

इद्वाल म्हणाले होते, "बाकीचे धड आहेत, लेइसा."

मी म्हटलं, धड आहेत तोवरच निघालेले बरे.

असं मी खरंच म्हटलं.

१८ ऑगस्ट

ताकात कुस्करलेले बटाटे. सकाळी तेच, रात्री तेच. नवे दात हिरड्या भरून आल्यावर — म्हणजे दोन-तीन महिने तरी. गर्दी फार आहे म्हणतात. सगळ्या परगण्यानंच तोंड उघडलंय.

२२ ऑगस्ट, रविवार

चॅपलमध्ये इद्वाल गायले नाहीत. तोंड मिटून उभे. पुरुषांच्या खालच्या सुरात त्यांच्या जागी भोक पडल्यासारखं वाटलं. पाळकांनी उपकारस्तुती केली की आता गरिबाला पैशावाचून औषध मिळतं. मी मोठ्यानं आमेन म्हटलं.

२४ ऑगस्ट

आज कळलं.

धुणं वाळत घालत होते. समोरच्या उतारावर इद्वाल. नेल ओढ्यापलीकडे, मेंढ्यांच्या मागे, एवढासा काळा ठिपका. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली. काही ऐकू आलं नाही. बोटं विजारीला पुसली, पुन्हा घातली. मला वाटलं वारा उलटा आहे. पण नेलही थबकली होती. मागे वळून बघत होती. मेंढ्या तोवर वर पांगल्या. शेवटी ते स्वतः ओढा ओलांडून गेले आणि तिला घेऊन आले.

घरात आल्यावर एवढंच म्हणाले, "नुसती हवा निघते."

शिट्टीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बसभाडं आलं. पाव भिजवून द्यावा लागेल हे आलं. शिट्टी नाही. ज्या माणसाची शिट्टी डोंगरावरून ऐकू आली की मी चहाचं पाणी ठेवते, त्याच माणसाची.

३१ ऑगस्ट

वरच्या शेतावरचा मॉरस आला होता. मोहरीच्या डब्याचं झाकण कापून, दुमडून, मधे भोक पाडून त्यानं पत्र्याची शिट्टी करून आणली. चांगलं केलं. पण टेकायच्या आत तोंड सुरू — "काय रे इद्वाल, तान्ह्या बाळासारखा गोड दिसायला लागलास. लेइसा, ह्याला आता पाळण्यात निजवत जा." इद्वाल हसले. ओठ आत गेलेत. ते हसू मला ओळखू आलं नाही.

पत्र्याची शिट्टी दातांत धरावी लागते. हिरड्यांत ती घसरते. एकदा वाजली ती बदकासारखी. नेलनं कान पाडले आणि जमिनीला चिकटली — जे कळत नाही त्याला ती 'बस' समजते. मॉरस म्हणाला, हाकेनं चालव. इद्वाल म्हणाले, हाक ओढ्यापर्यंत जाते, कड्यापर्यंत नाही.

खरी काळजी ती आहे. सहा ऑक्टोबरला खोऱ्यातल्या सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची जागा काळ्या कड्यासमोर. मधे घळ. माणूस अलीकडे उभा राहतो, कुत्रं घळीला वळसा घालून कड्यावर चढतं आणि कपारीतल्या मेंढ्या एकेक करून बाहेर काढतं — नुसत्या शिट्टीवर. राहिलेली मेंढी हिवाळ्यात मरते. घाईनं रेटलेली खाली पडून मरते. इद्वालच्या आजोबांपासून ती जागा आमच्या घराची.

जाताना मॉरसनं दारात हळूच विचारलं, नेल विकायची का? पलीकडच्या खोऱ्यातला कुणी माणूस चांगलं कुत्रं शोधतोय. "चारच वर्षांची आहे. दुसऱ्याच्या हाताखाली रुळेल."

इद्वाल हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

५ सप्टेंबर, रविवार

उपदेश लोभावर होता. दर वेळी लिहून घेते, आज नाही घेतला.

९ सप्टेंबर

हे लिहावं की नाही.

दूधघरात लोणी काढत होते. इद्वाल बाजाराला गेलेले. हात फिरत होता आणि डोक्यात त्यांच्या शिट्ट्या. पाच आहेत. चॅपलच्या गायनवर्गात दो-रे-मी गिरवलेला कान; इतक्या वर्षांत त्या आपोआप पाठ झाल्यात. 'बस' म्हणजे एक लांब सपाट सूर. 'डावीकडून' खालून वर. 'उजवीकडून' वरून खाली. 'पुढे' म्हणजे दोन तुटक. पाचवी 'ये परत' — ती मात्र लिहिता येत नाही. ती त्यांचीच.

नकळत ओठ गोल झाले. 'बस' वाजली. हलकीच, किटली सुरू होते तेवढी. बाहेर नेल धप्पकन जमिनीला टेकली.

लहानपणी गाई घरी आणताना मी दोन बोटं घालून शिट्टी मारायचे. घळीपलीकडे जाईल अशी! आजोबा चॅपलचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी. म्हणायचे, "शिट्टी मारणारी पोर आणि आरवणारी कोंबडी, दोघींची मान मुरगळावी." मान नाही मुरगळली, पण मला चॅपलच्या मंडळीत घेतलं त्या दिवशी शिट्टी न मारण्याचं वचन घेतलं. आजवर पाळलं होतं.

हात धुतले. मागच्या कुरणात गेले. इकडे तिकडे पाहिलं. बोटं तोंडात घातली.

नेलनं पाच मेंढ्या माझ्यासमोर आणून उभ्या केल्या आणि शाबासकीची वाट बघत बसली. मी आपलं आमच्या बोलीत म्हटलं, "शहाणी गं बाई माझी." तिला कळलं नाही. कुत्र्यांशी आम्ही सगळे इंग्रजीत बोलतो, तशीच रीत आहे. मॉरस म्हणतो, ह्या खोऱ्यात कुत्र्यांना इंग्रजी येतं आणि पाळकांना अडतं.

१७ सप्टेंबर

पुन्हा गेले. इद्वाल कुंपणाच्या कामाला लांब गेले की जाते. आज तिसऱ्यांदा.

वाटतं तेवढं सोपं नाही. मेंढ्यांच्या मागे जाताना तिनं वळसा मोठा घ्यायला हवा; माझी शिट्टी लवकर आली की ती आत वळते आणि मेंढ्या उधळतात. 'बस' तर मेंढी बिथरायच्या आधीच द्यायची, बिथरल्यावर नाही. हे इद्वाल नेहमी सांगायचे आणि मी मोजे रफू करत हं हं करायचे. आता एकेक आठवतंय.

त्यांना सांगायला हवं. पण कसं सांगू? तुमचे दात मी घालवले, आता तुमची कुत्रीही मीच चालवते — असं?

घरी येताना गाल गरम झाले होते. लाजेनं म्हणू की कशानं?

२३ सप्टेंबर

जेवताना इद्वालनी विचारलं, "नेल तुझ्याकडे का बघते?"

मी म्हटलं, कधीमधी पावाचे तुकडे टाकते तिला.

खोटं. धडधडीत. कामाच्या कुत्र्याला एकच हात खाऊ घालतो, हे मला माहीत नाही होय? पण त्या क्षणी ते पाप लहान वाटलं, म्हणून तेच पुढे केलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "चार वर्षं," म्हणाले. "आणि पावाच्या तुकड्याला विकली गेली."

 मी भांडी उचलली तेव्हा म्हणाले, सहा तारखेचं काम झालं की त्या माणसाला निरोप पाठवतो. न्यायची तर नेऊ दे. कड्याची जागा मॉरसच्या पुतण्याला, एम्लिनला द्यायची. "मी खाली फाटकाशी उभा राहीन. फाटक उघडायला दात लागत नाहीत."

पाप मी केलं, खोटं मी बोलले, आणि घर सोडायचं नेलनं.

२६ सप्टेंबर, रविवार

प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं. खोटं पोटात ठेवून ती घेता येत नाही; मी न घेता पुढे सरकवलं. मॉरसची बायको कात्रिन शेजारी होती; तिनं कानात विचारलं, पोट दुखतंय का? मी मान हलवली — हो म्हणून.

म्हणजे आणखी एक.

३ ऑक्टोबर

उद्या सांगणार.

४ ऑक्टोबर

नाही सांगितलं. मनुकांचे चार पाव भाजले. मेंढ्या उतरवणाऱ्या माणसांना लागतील.

६ ऑक्टोबर

आजचं आजच लिहिते.

उजाडताच पुरुष वर गेले. आम्ही बायका टोपल्या घेऊन घळीच्या तोंडाशी, दगडी वाड्यापाशी थांबलो. मेंढ्या तिथंच कोंडतात. फाटकाशी इद्वाल, आणि त्यांच्या पायाशी दोरी बांधलेली नेल. समोर वर, आमच्या जागेवर, एम्लिन. पोरगा तसा बरा, कुत्रं तापट. बाकीचा डोंगर छान रिकामा झाला, पांढरे ओहोळ उतरावेत तशा मेंढ्या आल्या. कड्यावर मात्र त्याच्या कुत्र्यानं घाई केली. दहा-बारा मेंढ्या — त्यातल्या निम्म्या आमच्याच, मानेवर निळी खूण — उलट्या वळून खालच्या कपारीवर जाऊन उभ्या राहिल्या. पुढे नुसती हवा. कुत्रं वरून भुंकतंय. एम्लिननं हाका मारमारून ते कसंबसं मागे घेतलं आणि तिथंच डोकं धरून बसला.

मॉरस म्हणाला, "गेल्या त्या."

इद्वालनी नेलची दोरी सोडली आणि हातानं वळसा दाखवला. ती निघाली. काय गेली! घळीच्या पार वरून, कुणाला न दिसता, मोठा वळसा. कड्याच्या माथ्यावर उगवली तेव्हाच दिसली. तिथून कपारीकडे उतरायला लागली, पोट जमिनीला लावून.

आता तिला थांबवायला हवं होतं. आणखी चार पावलं आणि पहिली मेंढी उडी घेणार. इद्वालनी बोटं तोंडात घातली.

हवा.

त्यांनी पुन्हा घातली. मान लाल झाली. मी त्यांच्या मागे होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती.

टोपली खाली ठेवल्याचं आठवत नाही. 'बस' वाजली — लांब, सपाट. घळीत दोनदा घुमली. नेल जागच्या जागी दगड झाली. वाड्याच्या भिंतीला टेकलेले चॅपलचे वडीलधारे, पाळक, कात्रिन, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी कुणाकडे बघितलं नाही. 'उजवीकडून'. ती सरकली. 'बस'. मेंढ्यांना श्वास घेऊ दिला. 'पुढे', अगदी हलकी. एका म्हाताऱ्या मेंढीनं तोंड फिरवलं आणि कपारीतून वाटेला लागली. मग दुसरी. मग सगळ्या, रांगेनं, चॅपलमधून बाहेर पडावं तशा.

एकही पडली नाही.

 मग मॉरस म्हणाला, "आज वारा चांगला गातोय." त्यावर दोघं-तिघं खोकले आणि टोपल्यांकडे वळले.

'ये परत' मी वाजवली नाही. ती त्यांची. नेल आपणच खाली आली. इद्वाल फाटकाशी, मी भिंतीशी. ती दोघांच्या मधोमध येऊन बसली आणि जीभ बाहेर काढून समोर बघत राहिली.

इद्वाल माझ्याकडे न बघता फाटक लावायला गेले.

७ ऑक्टोबर

इद्वालनी सकाळभर मेंढ्यांचे खूर तपासले, निळी खूण नसलेल्या वेगळ्या केल्या. मी चहा नेला. कप हातात घेऊन म्हणाले, "पावाचे तुकडे?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"मग बरं."

चहा संपवला. रिकामा कप परत देताना म्हणाले, "उजवीकडून वाजवताना शेवटी सूर किंचित वर उचलायचा असतो. तू तसाच सोडून देतेस. तिनं समजून घेतलं, पण दर वेळी घेणार नाही."

मी आत आले आणि दूधघराचं दार लावून रडले. दातांबद्दल एक शब्द बोलले असते तर सोसलं असतं.

निरोप पाठवायचं त्यांनी काढलं नाही. मीही विचारलं नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

चॅपलच्या दारात पाळक थांबले होते. मला वाटलं, आता. म्हणाले, "शिट्टीविरुद्ध शास्त्रात काही आहे का ते काल दिवसभर शोधलं, मिसेस प्रोसर. सापडलं नाही." मग म्हणाले, "खोट्याविरुद्ध पुष्कळ आहे." ते सहज म्हणाले असतील. त्यांना कुठलं ठाऊक? पण घरी येईपर्यंत मी तेच घोळवत आले.

१३ नोव्हेंबर

दात आले! पेटीत, कापसात. इद्वालनी घातले आणि आरशात बघून म्हणाले, "हा कोण पाहुणा?" बोलताना ते खडखडतात. मग अंगणात गेले, बोटं घातली, जोर केला — वरची कवळी थेट चिखलात. नेल गेली, तिच्यापाशी पोट टेकून बसली आणि तिच्यावर नजर रोखली, कळपातून फुटलेली मेंढी असावी तशी. मॉरस कुंपणावर ओणवा होऊन हसत होता. "विकू नकोस रे तिला. असं कुत्रं मिळायचं नाही, दात वळून आणतं!"

इद्वालही हसले. ह्या वेळी ते हसू ओळखू आलं.

२७ नोव्हेंबर

आता आम्ही तिघं जातो. इद्वाल बाजूला उभे राहून हळू आवाजात सांगतात — थांब, अजून थांब, आता — आणि मी वाजवते. शेवटचा सूर उचलते. हिशेबाची वही चार दिवस मागे पडलीय. लग्नापासून असं कधी झालं नाही.

काल त्यांनी सांगायच्या आधीच मी 'बस' दिली. आणि ती बरोबर होती. ते म्हणाले, हं.

मला आवडतं हे. त्यांच्या तोंडाच्या जागी उभं राहणं मला आवडतं. हे लिहायला नको होतं.

१९ डिसेंबर, रविवार

रोज रात्री प्रार्थनेत इद्वालची शिट्टी परत मागते. काल मागायची विसरले. परवाही.

८ फेब्रुवारी १९४९

उघडीप होती. धुणं वाळत घालत होते, नेल पायाशी. ओढ्यापलीकडून शिट्टी आली. 'ये परत'. तीच — पूर्वीची, स्वच्छ, जशीच्या तशी. गेले कित्येक दिवस ते वरच्या कुरणात नव्या दातांवर चिकाटीनं खटपट करत असणार, मला न कळवता. इद्वाल पलीकडच्या उतारावर उभे, बोटं अजून ओठांशी.

नेल उठली. सगळं अंग थरथरलं. आणि तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.

इद्वालना ते दिसलं. त्यांनी पुन्हा वाजवली नाही. हात खाली सोडला, आणि मी तिला 'जा' म्हणायची वाट बघत तेही उभे राहिले.

माझ्या तोंडात धुण्याचा चिमटा होता. तो मी लगेच काढला नाही.